एक्क्याण्णव टक्के बिबट्या

नागफणीच्या वाटेवर, कुरवंडे गावाच्या जरा वर, ठाकरांची एक वाडी आहे. त्या वाडीचा वाघ गेली कित्येक वर्षे शिदू होता. हे पद निवडणुकीने मिळत नाही. शिदूला ते बापाकडून मिळाले, आणि बापाच्या मागे ते दुसऱ्या कोणी मागितलेही नाही, कारण त्यात अंग खरचटते.

दिवाळीच्या तोंडाशी येणाऱ्या वाघबारशीला वाडीतला एक माणूस अंगावर राखेचे आणि गेरूचे पट्टे ओढतो, घोंगडे पांघरतो आणि चारी पायांवर करवंदीच्या जाळीतून बाहेर येतो. बाकीचे काठ्या घेऊन त्याला शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापर्यंत पिटाळतात आणि विचारतात, ''आमच्या शिवंत येशील का?'' वाघ म्हणतो, ''न्हाई येनार.'' मग त्याला खीर मिळते, आणि वर्षभर खरा वाघही तो शब्द पाळतो. खरा वाघ म्हणजे बिबट्या. वाडीच्या बोलीत दोघांना एकच नाव आहे. शब्द मोडल्याची उदाहरणे आहेत, आणि ती सगळ्यांना पाठ आहेत. पाळल्याची कोणालाच आठवत नाहीत, कारण बिबट्या न येणे ही काही बातमी नव्हे.

वाघ कसा वठला हे ठरवायची रीतही जुनी होती. वाघोबाची पूजा भामाबाईकडे होती, आणि त्या दिवशी तिची म्हैस चांदी दगडाजवळ बांधलेली असे. म्हशीने दाव्याला हिसका दिला की वाघ पसंत.

''शिदू, मागल्या बारशीला तू जाळीतनं भाईर आलास तवा चांदी रवंथ करीत व्हती,'' भामाबाई त्याला म्हणाली. ''थांबली बी न्हाई.''

''मावशी, तिला आता कमी दिसतंय.''

''तिला समदं दिसतंय. तुझं गुडघं वाजत्यात त्ये ऐकू बी येतंय. वाघाचं गुडघं वाजत्यात व्हय रं? औंदा लखनला व्हऊ दे वाघ.''

लखन शिदूचा पुतण्या. तो लोणावळ्यात एका रिसॉर्टवर पर्यटकांना दोराला टांगून दरीवरून पलीकडे पाठवण्याचे काम करी. त्याने वाघाचा तयार पोशाख आणला होता: मखमली, नारिंगी, पोटाला चेन, मागे हलणारी शेपटी आणि वेगळे डोके. त्यात तो वाघापेक्षा उशीसारखा अधिक दिसे. परंतु त्याचे व्हिडिओ लोक बघत, आणि बघितले जाणे हीच आता योग्यता होती.

शिदूला हे लागले. वर्षातला तो एक दिवस सोडला तर शिदू म्हणजे बंगलेवाल्यांच्या हिरवळीतले गवत काढणारा माणूस. त्याला 'ए मामा' अशी हाक येई आणि हाक मारणारा त्याच्याकडे बघतही नसे. त्या एका दिवशी मात्र वाडी त्याला बघून दारे ओढून घेई. हा दिवस गेला तर शिदूपाशी नुसते गवत उरणार होते.

''बारशीला शिवेवर बगू, मावशी,'' तो म्हणाला. ''चांदी ठरवंल.''

''बगू,'' भामाबाई म्हणाली.

तथापि ठरवण्याचा अधिकार चांदीकडून काढून घेण्याची व्यवस्था त्याच सुमारास झालेली होती. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने समाजकार्याच्या उरलेल्या निधीतून शिवेवर एक खांब रोवला होता. खांबावर कॅमेरा, कॅमेऱ्याला भोंगा, आणि दोहोंच्या मागे कृत्रिम बुद्धिमत्ता. समोरून जे जाईल त्याचा फोटो काढून ते काय आहे आणि किती टक्के आहे, हे यंत्र वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर कळवी. बिबट्या असला तर भोंगा वाजे.

यंत्राविषयी वाडीला काही मत नव्हते. ही उणीव 'वज्रवार्ता' या वाहिनीने भरून काढली. तिने प्रथम सांगितले की एआय मानवजात संपवणार आहे. पडद्यावर लाल डोळ्यांचा लोखंडी सांगाडा आणि मागे ढोल. दुसऱ्या दिवसापासून बायका पदर नाकापर्यंत ओढून खांबासमोरून जाऊ लागल्या, आणि शिदूची शेजारीण सरुबाई हिने खांबाला लिंबू-मिरची बांधली. त्याच आठवड्यात, त्याच वाहिनीवर आणि त्याच ढोलावर, एआय हात न लावता रोग ओळखतो असे जाहीर झाले. तेव्हा सरुबाईनेच लिंबू-मिरची सोडली आणि खांबासमोर उभे राहून जीभ बाहेर काढली. यंत्राने गटावर कळवले: 'माणूस, अठ्ठ्याऐंशी टक्के.' उरलेले बारा टक्के कशाचे, याविषयी तिच्या जावेने पाणवठ्यावर जे मत मांडले त्यावरून दोन घरांतले बोलणे बंद झाले.

शिदूच्या घरच्या टीव्हीचे रिचार्ज संपलेले होते. त्यामुळे या विषयावर त्याला स्वतः विचार करणे भाग पडले, आणि खांब पाठ टेकायला बरा आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला.

बारस जवळ आली तसा शिदू सरावाला लागला. दिवस मावळताना तो गुडघ्यांना तेल चोळून, पट्टे ओढून, घोंगडे घेऊन शिवेवरच्या जाळीत शिरला. गुडघे वाजू नयेत म्हणून तो इतक्या सावकाश बाहेर आला, आणि त्या सावकाशीत इतका रमला, की खांब समोर आहे हे त्याच्या ध्यानातच राहिले नाही. भोंगा ठणाणा वाजू लागला. भोंगा बिबट्या आल्यावरच वाजतो हे शिदूला ठाऊक होते. बिबट्या आपल्या पाठीमागे आहे अशी त्याने साहजिकच समजूत करून घेतली, आणि तो दोन पायांवर जो सुटला तो घरात शिरून कडी लावूनच थांबला.

''वाघ आलाय,'' तो धापा टाकीत बायकोला म्हणाला.

सावित्राबाईच्या हातात फोन होता. गटावर आलेला फोटो ती बघत होती. खाली लिहिले होते: 'बिबट्या, एक्क्याण्णव टक्के.'

''आवं, ह्यो वाघ आपल्या घोंगडीत कसा?''

''कुटं?''

''ह्ये ठिगाळ बगा. म्या लावलंय. आन ही टाच. वाघाला भेगाळल्याली टाच आसती व्हय?''

शिदूने फोन हातात घेतला आणि बराच वेळ बघितले. शाळेत तो तिसरीपर्यंत गेलेला होता, आणि तिथे त्याला कोणत्याही विषयात इतके टक्के मिळालेले नव्हते.

''एक्क्याण्णव,'' तो म्हणाला.

''मिरवू नगा. आदी सांगा गटावर, की ह्यो म्या हाय.''

''सकाळच्याला सांगतो,'' शिदू म्हणाला. एवढी एक रात्र त्याला बिबट्या राहायचे होते.

सकाळपर्यंत उशीर झाला. लखनने तो फोटो कैलासला पाठवला होता. कैलास हा 'वज्रवार्ता'चा लोणावळ्याचा प्रतिनिधी. वाहिनीने त्याला पिवळे जाकीट दिलेले होते, आणि त्यावर पाठीपोटावर सगळीकडे वाहिनीचे काळे गोल शिक्के छापलेले होते, म्हणजे त्याचे छायाचित्र कोणत्याही बाजूने निघाले तरी जाहिरात चुकू नये. फोटोतल्या शिदूभोवती लाल वर्तुळ काढण्यात आले. 'कुरवंड्यात नरभक्षक! एआयने वाचवले गाव!' नरभक्षकाने भक्षण केलेला नर कोण, हे विचारायला पडद्यावर जागा नव्हती. बंगल्यांची आरक्षणे सकाळी रद्द झाली आणि संध्याकाळी वाढीव दराने पुन्हा झाली. सरुबाईने खांबाला हळदकुंकू वाहून झेंडूची माळ घातली.

शिदू भामाबाईकडे गेला. तिथे लखनही होता.

''मावशी, टीव्हीवरचा वाघ म्या हाय,'' शिदू म्हणाला. ''एक्क्याण्णव टक्कं.''

''आन उरल्यालं नऊ?''

''त्येबी म्याच.''

भामाबाईने तपकीर ओढली. ''ह्या मशिनीला चांदीपरीस जास्ती कळतंय व्हय?''

''मशीन चुकत न्हाई, मावशी,'' लखन घाईने म्हणाला. ''टीव्हीवाल्यांनी सांगितलंय.'' आपण कोणाची बाजू मांडली हे त्याला वाक्य संपल्यावर कळले.

''मंग तू बी जा की तिच्याम्होरं,'' शिदू म्हणाला. ''का शेपटी मळंल?''

लखन गेला. मखमली पोशाखात, चेन वर ओढून, तो खांबासमोरून रांगला, गुरगुरला, शेपटीही हलवली. भोंगा वाजला नाही. गटावर संदेश आला: 'माणूस, नव्व्याण्णव टक्के.' वाडीत इतका माणूस आजवर कोणीच ठरला नव्हता. अभिनंदनाचे अंगठे आले, हसून लोळणारे चेहरे आले, आणि सरुबाईच्या जावेने त्याला खास नमस्कार पाठवला. लखनने दिवसभर फोन बंद ठेवला. संध्याकाळी त्याने कैलासला फोन करून सांगितले की नरभक्षक आपला चुलता आहे.

दुसऱ्या कोणाला यात आपली चूक दिसली असती. कैलासला त्यात दुसरी बातमी दिसली. 'एआय आंधळा! म्हाताऱ्याने केला महाघोटाळा!' पडद्याच्या चौकटी पाडून त्यांत तज्ज्ञ बसवण्यात आले. एक निवृत्त अधिकारी, एक ज्योतिषी, आणि यंत्राविषयी खरोखर काही जाणणारे एक प्राध्यापक. ''हे यंत्र आकार आणि ठिपके पाहून अंदाज—'' एवढे प्राध्यापक बोलले तोच जाहिराती लागल्या, आणि त्या संपल्या तेव्हा त्यांच्या चौकटीत ज्योतिषी होता.

वाडीने माळ उतरवली आणि लिंबू-मिरची पुन्हा चढवली. सरुबाई खांबावर थुंकली. आणि यंत्र आंधळे ठरल्याबरोबर त्याने दिलेले एक्क्याण्णव टक्केही गेले. कालपर्यंत शिदूकडे आदराने बघणारी माणसे आता त्याला बघून घोटाळा, घोटाळा असे कुजबुजू लागली. यंत्र तेच होते, शिदू तोच होता, फोटोही तोच होता. बदललेला होता तो ढोलाचा ठेका.

''म्या कुनाला फशिवलं?'' शिदू बायकोला म्हणाला. ''म्या तर भिऊन पळालो.''

''त्ये टीव्हीवर दावलं न्हाई,'' सावित्राबाई म्हणाली, आणि तिचे उत्तर पुरेसे होते.

वाघबारशीला कैलास कॅमेरामनला घेऊन जीपने आला. कार्यक्रमाचे नाव 'एआयची अग्निपरीक्षा'. शिदू आणि लखन दोघांनी खांबासमोरून जायचे आणि देशाने बघायचे. वाडीने आनंदाने होकार दिला. शिदूनेही दिला. गेलेले टक्के परत मिळवायला त्याला दुसरी जागा उरलेली नव्हती. दुपार कलताना सगळे शिवेवर जमले. चांदी दगडाजवळ बांधली होती. शिदू पट्टे ओढून जाळीत दबून बसला.

कैलासच्या कानात स्टुडिओतल्या निवेदिकेचा, ज्योत्स्नाचा, आवाज येत होता. फोन मोठ्याने लावलेला असल्यामुळे तो सर्वांना येत होता.

''कैलास, काय वातावरण आहे तिथे? भीती आहे?''

कैलासने आजूबाजूला बघितले. लोक चुरमुरे खात होते.

''प्रचंड भीती आहे, ज्योत्स्ना. लोकांच्या तोंडून शब्द फुटत नाहीये.''

''आवं भाऊ, तोंडात घास हाय,'' कोणीतरी म्हणाले.

''कैलास, थरार कमी पडतोय,'' ज्योत्स्ना म्हणाली. ''ते म्हातारे येतील तेव्हा येतील. तोपर्यंत बिबट्या नेमका कसा आला, ते जरा करून दाखव. खाली वाकून. अजून खाली.''

कैलास हाडाचा पत्रकार होता. त्याने माइक कमरेला मागे खोचला. माइकला वाऱ्याचा आवाज अडवायला लांब केसांचे करडे टोपण होते, ते मागे लोंबू लागले. मग तो चारी पायांवर आला आणि त्या पिवळ्या, काळ्या ठिपक्यांच्या जाकिटात खांबासमोरून चालू लागला. ''इथूनच, ज्योत्स्ना,'' तो रांगत म्हणाला, ''याच मार्गाने तो नराधम—''

भोंगा वाजला.

एकाच वेळी सगळ्यांचे फोन थरथरले. 'बिबट्या, सत्त्याण्णव टक्के.'

जाळीतला शिदू ऐकत होता. सत्त्याण्णव हा आकडा कोणीतरी मोठ्याने वाचला तेव्हा त्याने अंगावरचे घोंगडे घट्ट ओढून घेतले. बापाने शिकवलेले चालणे, मान खाली धरणे, दम रोखणे, आणि एक जाकीट येऊन सहा टक्क्यांनी पुढे गेले.

भामाबाईने काठी उचलली.

''बगताय काय?'' ती म्हणाली. ''बारस हाय. वाघ आलाय. उटा!''

वाडीला एवढेच हवे होते. काठ्या वर झाल्या. कैलास उठून उभा राहिला. पण भोंगा वाजतच होता आणि भोंग्याने ज्याला वाघ म्हटले त्याला दोन पायांवर उभे राहण्याची सवलत देण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. तो पळाला. लोक मागे. कॅमेरामनही मागे, कारण त्याला आयुष्यात प्रथमच काहीतरी खरे घडताना दिसत होते. काठ्या जमिनीवरच आपटत होत्या, पण आवाज मोठा होता. वाघोबाच्या दगडाशी कैलास ठेचकाळून बसला.

''आमच्या शिवंत येशील का?'' वाडी ओरडली.

''अहो, मी प्रेसचा माणूस आहे!''

''मानूस तीनच टक्कं हाईस,'' लखन फोन दाखवीत म्हणाला. या वाक्याने त्याच्या जिवाला फार गार वाटले.

''येशील का?''

''नाही! नाही येणार! पुन्हा नाही येणार!''

''खीर खा,'' भामाबाई म्हणाली. पण कैलास जीपकडे धावत सुटला होता, आणि जीप धुरळा उडवीत कुरवंड्याकडे उतरली.

लोक हसत घरी गेले. जाळीत वाघ आहे याची कोणाला आठवण झाली नाही. तरी शिदूने एक गोष्ट पाहून ठेवली होती. इतका गोंधळ झाला, सत्त्याण्णव टक्के झाले, आणि चांदी रवंथ करीत होती.

''चला, खीर निवतीया,'' सावित्राबाई त्याला शोधीत आली.

''ती वाघाची हाय,'' शिदू म्हणाला आणि पट्टे न पुसता घरी गेला.

त्या संध्याकाळी सगळी वाडी सरुबाईच्या टीव्हीसमोर बसली होती. शिदू दाराबाहेर, पण आत दिसेल असा. 'एआयच्या चिथावणीवरून पत्रकारावर जमावाचा हल्ला!' कैलास पडद्यावर आला. कोपराला पट्टी, चेहऱ्यावर हौतात्म्य. यंत्रानेच जमावाला आदेश दिला, तो सांगत होता. जगातली ही पहिलीच घटना असावी. सरुबाईचा हात आपोआप लिंबाकडे गेला.

भामाबाईने डोळे बारीक करून पडद्याकडे बघितले.

''ह्यो हितं कसा?''

''टीव्हीवर हाय, मावशी.''

''टीव्ही कुटं हाय?''

''हितं. घरात.''

''मंजी शिवंच्या आत.''

सरुबाईने टीव्हीचा आवाज बारीक केला.

''वाघोबाम्होरं शबूद दिला,'' भामाबाई म्हणाली, ''आन भाकरी थापूस्तोवर परत घरात शिरला. ह्येच्या घरात, त्येच्या घरात, एकदमच. माज्या हयातीत असा वाघ न्हाई बगितला. ह्यो वाघच न्हाई. बारस झालीच न्हाई.'' तिने उंबऱ्याकडे मान वळवली. ''शिदू, अंगावरलं पट्टं हाईत?''

''हाईत, मावशी.''

''ऱ्हाऊ दे. सकाळी शिवंवर ये.''

सकाळी खांब मुका होता. बातमीची धास्ती घेतलेल्या कंपनीने लखनला फोन करून कॅमेऱ्याचे तोंड झाकायला सांगितले होते, आणि हाताशी दुसरे काही नसल्यामुळे त्याने आपल्या पोशाखाचे मखमली डोके त्यावर चढवले होते. नारिंगी वाघ खांबावरून सर्वांकडे हसत बघत होता. टक्के सांगायला कोणी नव्हते. टीव्हीवाले नव्हते. लोक थोडेसे आळसावलेले होते. बघणारे कोणी नसताना एखादी गोष्ट करायची सवय त्यांची मोडत चालली होती.

शिदू जाळीत बसला होता. आपण आता किती टक्के, हा प्रश्न त्याला पडला नाही. त्याला ज्योत्स्नाचे 'ते म्हातारे' आठवले, मग 'घोटाळा' आठवला, मग हिरवळीपलीकडून येणारी 'ए मामा' ही हाक. त्याने दम रोखला. गुडघा वाजला, त्याने तो वाजू दिला आणि तसाच थांबला. लोकांनी जांभया दिल्या. कोणीतरी विडी शिलगावली. शिदू थांबलेलाच होता. मग जाळीतले एक पान हलले आणि घोंगड्याखालून दोन डोळे बाहेर आले.

चांदीचा जबडा थांबला.

तिने नाक वर केले. शिदू पोटाने जमीन घासत एक वीत पुढे सरकला. चांदीने हंबरून असा हिसका दिला की खुंटी उपटून निघाली आणि ती दाव्यासकट लोकांच्या मधून उतारावरून चौखूर उधळली. ज्यांनी वाघाला पिटाळायचे तेच वाट फुटेल तिकडे पळाले. लखन खांबावर चढून आपल्याच वाघाच्या गळ्यात पडला.

पिटाळायला कोणी न उरल्यामुळे शिदू आपणच वाघोबाच्या दगडापाशी जाऊन बसला. भामाबाई तेवढी जागची हलली नव्हती.

''आमच्या शिवंत येशील का?'' तिने विचारले. तिचा आवाज किंचित कापला असावा.

शिदूने तिला जरा ताटकळत ठेवले.

''न्हाई येनार,'' तो म्हणाला.

भामाबाईने पळसाच्या पानावर खीर वाढली. त्याने ती पान चाटूनपुसून खाल्ली.

''फुडल्या सालीबी तूच,'' ती म्हणाली. ''आता ऊट, आन माजी म्हस घिऊन ये.''

म्हैस पार कुरवंड्याकडे गेली होती. शिदू तसाच, राखेच्या आणि गेरूच्या पट्ट्यांनिशी, घोंगडे खांद्यावर टाकून खाली उतरला. ज्या बंगल्याचे गवत तो काढी त्याच्या फाटकाशी मुंबईचे पाहुणे दुर्बिणी घेऊन उभे होते. त्यांच्यातल्या एकाने डोंगरावरची नजर न काढता हाक मारली, ''ए मामा, तो टीव्हीवरचा बिबट्या कुठे दिसतो रे?''

आणि मग त्याने वळून बघितले, आणि तो दोन पावले मागे सरला.

''हितंच हाय,'' शिदू म्हणाला. ''म्हस हुडकतोय. तुमी बगितली का?''